थंडी मोजणारी कळी

हिवाळा सरत आला की आपल्याकडे लोक हळहळतात. "यंदा थंडी पडलीच कुठे?" हे वाक्य फेब्रुवारीत घरोघरी ऐकू येतं. स्वेटर कपाटात जातात, हुरड्याचे दिवस संपतात आणि पंख्याचं बटण दाबताना घरातलं कुणीतरी मोठा सुस्कारा सोडतं. त्यामुळे हिवाळ्याचा कुणाला वीट येतो, असं सांगितलं तर आपल्याला ते खरंच वाटत नाही.

आता नकाशात जरा वर जा. आणखी वर. नॉर्वे देश सापडला? त्याच्या उत्तर टोकाकडे ट्रॉम्सो नावाचं शहर आहे. तिथे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जो मावळतो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. दुपारी बारा वाजता आकाशात थोडा निळसर उजेड येतो, तासा-दोन तासांत तोही जातो. जानेवारीच्या मध्यावर सूर्य क्षितिजाच्या वर येतो खरा, पण मध्ये डोंगर असतात! म्हणून त्याचं दर्शन व्हायला 21 जानेवारीच्या आसपासचा दिवस उजाडतो. त्या दिवशी शहरात सण असतो. लोक जॅम भरलेले गोल गोड पाव खातात आणि लहानथोर सगळे दक्षिणेकडे तोंड करून सूर्याची वाट बघतात. ढग आले तर? तरीही पाव खातात. पावाने काय घोडं मारलंय?

पण सूर्यासाठी सगळ्यात भारी खटपट केली ती र्युकान नावाच्या गावाने. हे गाव नॉर्वेच्या दक्षिण भागात आहे. म्हणजे इथे हिवाळ्यातही सूर्य रोज उगवतो, पण गावाला दिसत नाही. कारण गाव एका अरुंद दरीच्या तळाशी वसलंय आणि दक्षिणेला 1,883 मीटर उंचीचा गाउस्टाटोप्पेन डोंगर उभा आहे. (आपलं कळसूबाई 1,646 मीटर.) हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून खालून जातो, त्यामुळे तो डोंगराच्या आडच राहतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात ऊन नाही. डोक्यावर निळं आकाश, समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पिवळंधमक ऊन आणि खाली गावात सावली. नुसता अंधार परवडला, पण हे चिडवणं झालं!

असल्या जागी गाव वसवलं तरी कशाला? तर धबधब्यासाठी. र्युकानच्या धबधब्यावर वीज तयार करून खताचे कारखाने चालवायचे, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्स्क हायड्रो या कंपनीने हे गाव उभारलं. डोंगरावर आरसा बसवून ऊन खाली आणायची कल्पना तेव्हाच निघाली होती. पण सूर्य तर सरकत राहतो, मग आरसा दिवसभर वळवायचा कसा? ते तंत्र हाताशी नव्हतं. म्हणून 1928 साली कंपनीने उलटा उपाय केला: ऊन गावात येत नाही ना, मग गावाला उन्हात न्या. दरीच्या उत्तर कड्यावर जाणारा हवेतला पाळणा, म्हणजे रोपवे, बांधला. हिवाळ्यात लोक पाळण्यात बसून वर जात, ऊन खात आणि परत खाली येत. तो रोपवे आजही चालतो.

आरसे आले ते 2013 साली. गावापासून साधारण 450 मीटर उंचावर, डोंगराच्या उतारावर, 17 चौरस मीटरचे तीन आरसे बसवले. संगणक सूर्याची जागा पाहून त्यांना सारखा थोडा थोडा वळवत राहतो. त्यांनी परतवलेलं ऊन गावच्या चौकात पडतं. किती? सुमारे 600 चौरस मीटर. बास्केटबॉलच्या मैदानाहून थोडं मोठं, बस. उद्घाटनाच्या दिवशी लोक चौकात खुर्च्या टाकून, काळे गॉगल लावून बसले होते!

एवढा आटापिटा कशासाठी, असं वाटतंय ना? आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं. आपल्या डोळ्यांत अशा काही पेशी आहेत, ज्यांचं काम चित्र दाखवणं हे नाहीच मुळी. बाहेर उजेड किती आहे, एवढंच त्या या घड्याळाला कळवत राहतात. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि झोपेची तयारी सुरू होते. सकाळी लख्ख उजेड मिळाला की ते थांबतं. सकाळी नऊ वाजता शाळेत जातानाही काळोख असेल, तर घड्याळाने करायचं काय? काही माणसं महिनोन् महिने मरगळलेली राहतात, त्यांना झोप फार येते, कशात मन लागत नाही. नॉर्मन रोझेन्थल या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली या हिवाळी उदासीचं नीट वर्णन केलं आणि तेजस्वी दिव्यांसमोर बसण्याचा उपचार सुचवला. तेव्हा वीट येणं म्हणजे नुसते नखरे नव्हेत.

त्यात आणखी एक छळ. सगळ्यात लहान दिवस असतो 21 किंवा 22 डिसेंबरचा. पुढे दिवस तिळातिळाने मोठा होतो. मग थंडीनेही कमी व्हायला हवं की नाही? पण कडाका पडतो जानेवारी-फेब्रुवारीत! कारण जमीन आणि समुद्र उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हळूहळू घालवत असतात. दिवस वाढू लागला तरी सुरुवातीला मिळणारी उष्णता थोडी आणि जाणारी जास्त, असंच चालतं. खर्च जमेपेक्षा जास्त आहे तोवर शिल्लक घटतच राहणार.

म्हणजे फेब्रुवारीत तिकडच्या माणसांचा धीर सुटलेला असतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचं गाव आहे. तिथे 1887 सालापासून दर 2 फेब्रुवारीला एका ग्राउंडहॉगला, म्हणजे गुबगुबीत, बिळात राहणाऱ्या खारीच्या भाईबंदाला, बाहेर काढून विचारतात, "काय रे, वसंत कधी?" त्याला आपली सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. हवामान खात्याच्या लोकांनी त्याचे अंदाज तपासले, तर ते निम्म्याहून कमी वेळा खरे निघाले. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं! बिचाऱ्याचा काय दोष म्हणा. जंगलातले नर ग्राउंडहॉग फेब्रुवारीत झोपेतून उठतात हे खरं आहे, पण ते आजूबाजूच्या माद्यांची बिळं कुठे आहेत हे बघून यायला. चक्कर मारून झाली की परत जाऊन झोपतात.

आता खरा प्रश्न. वसंत आला, हे नक्की कुणाला कळतं?

फेब्रुवारीत मध्येच एखादा दिवस मस्त उबदार निघतो. समजा, चेरीच्या झाडावरची एक कळी आहे. तपकिरी, टोकदार, करडईच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. एकावर एक चढवलेल्या खवल्यांच्या आत इवलीइवली फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. ती आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसली आहेत! हवा उबदार झाली म्हणून कळी त्या दिवशी उघडली आणि चार दिवसांनी बर्फ पडला, की खेळ खलास. फुलं काळी पडणार, फळ नाही, बी नाही. मग कळी फसत का नाही?

याचं उत्तर शोधणारा एक माणूस अमेरिकेच्या शेती खात्यात होता. त्याचं नाव फ्रेडरिक कोव्हिल. आज दुकानात ब्लूबेरीची डबी दिसते ना, त्यामागे या गृहस्थाचा मोठा हात आहे. एलिझाबेथ व्हाइट या न्यू जर्सीच्या बाईंबरोबर त्याने रानटी ब्लूबेरी शेतात आणली. त्यांचं पहिलं पीक 1916 साली बाजारात गेलं. तर झालं असं, की कोव्हिलने ब्लूबेरीची काही झुडपं हिवाळ्यात उबदार काचघरात ठेवली. आपल्यालाही हेच सुचलं असतं. बाहेर बर्फ, आत ऊब, पाणी, उजेड. झुडपं वाढतच राहतील, नाही का?

छे! झुडपांनी पानं गाळली आणि ती गप्प बसली. वसंत आला. बाहेर बर्फात कुडकुडलेली झुडपं फुलांनी भरली. आतली लाडावलेली झुडपं मात्र नुसत्या काड्या! ऊब होती, पाणी होतं, तरी कळ्या उघडेनात.

मग त्याने एक गंमत केली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण याला यंत्र लागत नाही, फक्त डोकं लागतं. काचघरात एक झुडूप ठेवलं आणि त्याची एकच फांदी काचेतल्या छोट्या भोकातून बाहेर काढली. झुडूप एक, मुळं एक. एक फांदी थंडीत आणि बाकीचं सगळं उबेत. वसंतात काय दिसलं असेल? बाहेरच्या फांदीला पालवी फुटली आणि आतलं झुडूप तसंच झोपलेलं. म्हणजे थंडीची नोंद मुळांत होत नाही. एका फांदीने दुसरीला निरोपही दिला नाही. ज्या फांदीने हिवाळा सोसला, तीच जागी झाली. प्रत्येक फांदीचा हिशेब वेगळा!

हा शोध कोव्हिलने 1920 साली छापला. थंडीमुळे झाडं झोपतात, असंच तोवर बहुतेक जण समजत होते. कोव्हिल म्हणाला, झोप तर थंडीशिवायही लागते, थंडी हवी असते ती जागं व्हायला.

पण किती थंडी? 1974 साली अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या संशोधकांनी पीचच्या झाडासाठी गुणांची पद्धतच बसवली. तापमान साधारण अडीच ते नऊ अंश असेल तर त्या तासाला पूर्ण एक गुण. दीड अंशाच्या खाली गेलं तर शून्य! दात वाजवणाऱ्या उणे दहा अंशांना एकही गुण नाही, कारण इतक्या गारठ्यात कळीतली कामं जवळजवळ थांबतात. आणि सोळा अंशांच्या वर गेलं तर चक्क गुण वजा. हिवाळ्याच्या मध्यात एखादा उबदार दिवस आला, तर कळी उघडत नाही ती नाहीच, उलट तिचा हिशेब थोडा मागे जातो. म्हटलं नव्हतं, कळी फसत नाही!

कळीला ना मेंदू, ना वही, मग ती मोजते कशी? याचा उलगडा झाला अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या वीतभर रोपट्यात. इंग्लंडमधल्या नॉरिच इथल्या कॅरोलिन डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. या रोपट्यात एफएलसी नावाचं जनुक असतं. त्याचं काम 'फुलायचं नाही!' असं दटावत राहायचं. थंडीत हे जनुक हळूहळू गप्प होतं. पण प्रत्येक पेशीत ते थोडं थोडं मंदावत जात नाही. एकेका पेशीत ते एकदम बंद होतं. वर्गात बाईंनी "गृहपाठ कुणाकुणाचा झाला?" असं विचारल्यावर एकेक हात वर जावा, तसं. थंडीचे दोन आठवडे झाले की थोडे हात, सहा आठवडे झाले की वर्गभर हात. आणि एकदा वर गेलेला हात, ऊब आली तरी खाली येत नाही. किती पेशींनी 'झालं' म्हटलं, यावरून रोपट्याला कळतं की हिवाळा किती झाला.

पीचच्या झाडात दटावायचं काम दुसरी जनुकं करतात. त्यांचा पत्ता लागला तो मेक्सिकोतल्या एका विचित्र पीचमुळे. ते हिवाळ्यात झोपतच नाही, वाढतच राहतं. शोधलं तर त्याच्यात ही जनुकंच तुटून गेलेली निघाली! गरम मुलखात त्याचं चालून गेलं, पण कडाक्याच्या थंडीत त्याचे कोवळे शेंडे मरतात.

थंडीचा हिशेब पुरा झाला की कळी लगेच उघडते का? नाही. मग दुसरा हिशेब सुरू होतो, उबेचा. जपानमध्ये त्यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. 1 फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जा आणि बेरीज करा. 600 झाले की साकुरा, म्हणजे तिथली चेरी, फुलते. करून बघू या. टोकियोत फेब्रुवारीत रोज साधारण 11 अंश धरले तर 28 दिवसांचे झाले 308. मार्चमध्ये रोज 14 धरले तर उरलेल्या 292 ना लागतील 21 दिवस. म्हणजे 21 मार्च. आणि टोकियोत साकुरा फुलते साधारणपणे मार्चच्या उत्तरार्धात. जमलं की!

हे दरवर्षी अधिकृतपणे जाहीर होतं बरं का. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याचा माणूस येतो, मान वर करून फांद्या निरखतो, मागे कॅमेरे आणि माणसांची गर्दी. पाच-सहा फुलं उमलली की साकुरा फुलली! चार असतील तर सगळे मुकाट्याने घरी. जपानमधली बहुतेक साकुरा एकाच जातीची आहे आणि ती कलमांनीच वाढवतात. म्हणजे ती सारी झाडं एकमेकांच्या नकला. म्हणून एका गावातली झाडं जवळजवळ एकदमच बहरतात.

क्योतो शहरात तर साकुरा कधी बहरली याच्या नोंदी इसवी सन 812 पासून सापडतात. राजदरबारी आणि भिक्षू यांच्या रोजनिश्यांमधून यासुयुकी आओनो या प्राध्यापकांनी त्या वेचून काढल्या. 2021 साली तिथली साकुरा 26 मार्चलाच पूर्ण बहरली. त्याआधीचा सगळ्यात लवकरचा दिवस होता 27 मार्च, आणि तो 1409 सालचा! हवा तापतेय, म्हणून उबेचा हिशेब लवकर भरतोय. मात्र जपानच्या दक्षिण टोकाला, कागोशिमाकडे, उलटंच होऊ लागलंय. तिथे हिवाळाच इतका कोमट जातो की थंडीचा पहिला हिशेब रखडतो आणि फुलं उशिरा येतात.

आपल्या देशात हे सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल, तर हिमाचल आणि काश्मीरच्या सफरचंदवाल्यांना. तिथल्या जुन्या जातींना सात अंशांखालचे हजार-बाराशे तास लागतात. म्हणून बर्फ कमी पडला की ते काळजीत पडतात. पण थोड्या थंडीवर भागणाऱ्या जातीही असतात. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याने कमी उंचीच्या गरम भागात फळणारं सफरचंद वाढवलं. त्यासाठी त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. त्यांची कलमं महाराष्ट्रातही काहींनी लावली आहेत.

आणि आपला आंबा? त्याला बर्फबिर्फ नको, पण गार रात्री हव्यात. फांदीच्या शेंड्यावरचा तोच डोळा, रात्री उबदार राहिल्या तर पालवी काढतो, गार झाल्या तर मोहोर. कोकणात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आंब्याचे बागायतदार थंडीची वाट बघतात ती यासाठी. आणि थंडी लांबली तरी पंचाईत! ज्या फांदीवर वाटाण्याएवढी फळं धरली आहेत, तिथेच दुसऱ्यांदा मोहोर फुटतो. त्याला पुनर्मोहोर म्हणतात. नव्या मोहोराला रस पुरवता पुरवता आधीची फळं गळून जातात. फेब्रुवारीत आपण "थंडी अजून हवी होती" म्हणतो, तेव्हा तिकडे एखादा बागायतदार मनातल्या मनात "आता पुरे!" म्हणत असेल.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. सफरचंदाच्या बियांनाही थंडी मोजता येते. पाच-सहा बिया धुऊन ओल्या टिपकागदात गुंडाळा, डबीत घाला, वर तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ठेवून द्या. फ्रीझरमध्ये नको, खालच्या कप्प्यात. तिथे साधारण चार-पाच अंश तापमान असतं, म्हणजे पूर्ण गुणांचा पट्टा! तेवढ्याच बिया दुसऱ्या डबीत बाहेर ठेवा. कागद सुकू देऊ नका, बुरशी आली तर बदला. दर रविवारी उघडून बघा. दोन-अडीच महिने थांबावं लागेल, हे आधीच सांगतो. घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर दिवाळीच्या सफाईत डबी जाईल कचऱ्यात.

बाहेरच्या डबीतली एखादी बी आधीच उगवली, तर गोंधळू नका. बाजारातलं सफरचंद आपल्याकडे येईपर्यंत बरेचदा काही महिने शीतगृहात राहिलेलं असतं. तिथला गारठा बिया मोजतातच. म्हणून तर कधी कधी सफरचंद कापलं की आतल्या बीला पांढरा कोंब फुटलेला दिसतो. असं सफरचंद मिळालं तर फेकू नका, आधी कोंबाची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहा. बी कुंडीत लावा आणि सफरचंद खाऊन टाका.